डॉक्टर कार्ल वुंडरलिख

ज्वर हा मनुष्यजातीचा फार जुना शत्रु होय. आपल्या चरकसंहितेंत त्यास सर्व रोगांत अग्रस्थान दिलेलें आहे, आणि माधवनिदानांत रोगांच्या वर्णनाचा आरंभ ज्वरापासूनच होतो. नव्या करारांत शिमोन पेत्राची सासू तापानें पडली असतां प्रभु येशू ख्रिस्तानें तिला बरें केल्याची हकीकत आहे. ती सांगणारा लूक हा स्वतः वैद्य होता असें परंपरेनें मानलें जातें. आणि तो ताप साधा नसून मोठा होता, हें नमूद करावयास तो विसरत नाहीं.

परंतु मोठा ताप कोणता व लहान कोणता, हें ठरवावयाचें कसें? हजारों वर्षें या प्रश्नाचें उत्तर एकच होतें. रोग्याच्या अंगावर हात ठेवावा आणि त्याची नाडी पाहावी. ज्याचा हात थंड, त्यास रोग्याचें अंग अधिक तापलेलें वाटे; ज्याचा हात ऊन, त्यास कमी. काल ताप किती होता व आज किती आहे, हें सांगण्यास स्मरणावांचून दुसरें साधन नव्हतें. आज बहुतेक सुशिक्षित घरांत थर्मामीटर असतो, आणि लहान मूलही ९८.६ हा आंकडा ओळखतें. हा आंकडा ज्यांच्या परिश्रमानें जगास ठाऊक झाला, आणि ज्वर हा स्वतः रोग नसून रोगाचें लक्षण आहे ही गोष्ट ज्यांनीं लाखों मोजमापांच्या आधारें वैद्यांच्या मनावर ठसविली, त्या जर्मन वैद्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

कार्ल राइनहोल्ड आउगुस्ट वुंडरलिख यांचा जन्म इ. स. १८१५ च्या आगस्ट महिन्याच्या ४ थ्या तारखेस, जर्मनींतील वुर्टेंबर्ग राज्यांत, नेकार नदीच्या कांठीं वसलेल्या झुल्त्स या लहानशा गांवीं झाला. त्यांचे वडील वैद्यच होते. कार्ल यांचें शालेय शिक्षण स्टुटगार्ट येथें झालें. तेथें विल्हेल्म ग्रीसिंगर व विल्हेल्म रोझर या दोन बुद्धिमान मुलांशीं त्यांची मैत्री जडली. शाळेंतील बहुतेक मैत्र्या शाळा सुटतांच विरून जातात. परंतु या तिघांची तशी गत झाली नाहीं. तिघेही ट्युबिंगेनच्या विद्यापीठांत वैद्यक शिकले, आणि पुढें तिघेही आपापल्या शाखेंत नांवाजले. ग्रीसिंगर मानसिक रोगांचे श्रेष्ठ अभ्यासक झाले, रोझर शस्त्रवैद्य झाले, आणि वुंडरलिख यांनीं ज्वराचा विषय हातीं घेतला.

त्या काळीं जर्मनींतील वैद्यक पुष्कळ अंशीं तत्त्वज्ञानाच्या धुक्यांत वावरत होतें. रोग म्हणजे काय याविषयीं पंडितांत मोठे वाद चालत. पण खाटेवर पडलेल्या रोग्याची बारकाईनें तपासणी करण्याची रीत सर्वत्र रुळली नव्हती. वुंडरलिख यांनीं पदवी मिळाल्यावर पॅरिस व व्हिएन्ना या शहरांचा प्रवास केला. पॅरिसच्या रुग्णालयांत छाती ठोकून व कान लावून परीक्षा करण्याची, आणि मृत्यूनंतर शरीर उघडून निदान खरें कीं खोटें हें ताडून पाहण्याची पद्धति त्यांनीं पाहिली. व्हिएन्ना येथेंही अशीच नवी दृष्टि उदयास येत होती. या दोन्ही वैद्यपीठांची तुलना करणारें एक पुस्तक त्यांनीं इ. स. १८४१ मध्यें प्रसिद्ध केलें, तेव्हां ते अवघे २६ वर्षांचे होते. पुढील वर्षीं त्यांनीं आपल्या मित्रांच्या साह्यानें एक नियतकालिक सुरू केलें. शरीराचे व्यापार निरोगी स्थितींत ज्या नियमांनीं चालतात, त्याच नियमांच्या आधारें रोगाचाही उलगडा झाला पाहिजे, हें त्याचें ब्रीद होतें. जुन्या मतांवर त्यांत तीक्ष्ण टीका असे. साहजिकच वयोवृद्ध अध्यापकांस हे तरुण उद्धट वाटले. परंतु त्यांच्या लेखांतील मुद्द्यांकडे दुर्लक्ष करणें कठीण होतें. इ. स. १८४६ मध्यें वुंडरलिख ट्युबिंगेन येथेंच पूर्ण प्राध्यापक झाले, आणि १८५० मध्यें त्यांस लाइप्झिग विद्यापीठाचें बोलावणें आलें. तेथील सेंट याकोब रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. त्यांच्या आयुष्याचें खरें कार्य येथूनच सुरू झालें.

थर्मामीटर ही वस्तु त्या वेळीं नवी नव्हती. इटलींतील पाडुआचे वैद्य सांतोरिओ यांनीं सतराव्या शतकाच्या आरंभींच मनुष्याच्या शरीराची उष्णता मोजण्याचा प्रयत्न केला होता. अठराव्या शतकांत फॅरनहाइट यांनीं पाऱ्याची नळी व तिचें माप सिद्ध केलें, आणि व्हिएन्नाचे दे हेन यांनीं रोग्यांवर तिचा उपयोगही करून पाहिला. परंतु बहुसंख्य वैद्यांनीं हें यंत्र पदार्थविज्ञानाच्या दालनांतच राहूं दिलें. १८५० च्या सुमारास बर्लिन येथें ट्राउबे यांनीं ज्वराच्या रोग्यांचें उष्णतामान नियमानें टिपण्यास आरंभ केला होता. वुंडरलिख यांस या कामाचें महत्त्व तत्काल पटलें. मात्र त्यांनीं आणखी एक गोष्ट ओळखली. एखाद्या रोग्याची उष्णता एकदां मोजल्यानें फारसें कांहीं कळत नाहीं. ती पुनः पुनः, ठराविक वेळीं, दुखण्याच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मोजली, तर मात्र पुष्कळ कळतें.

हें बोलण्यास सोपें व करण्यास महाकठीण होतें. त्या काळचा थर्मामीटर सुमारें एक फूट लांब असे. तो काखेंत धरून पारा स्थिर होईपर्यंत १५ ते २० मिनिटें वाट पाहावी लागे. तापानें फणफणलेला रोगी, त्यांतून तो बालक किंवा भ्रमिष्ट झालेला असला, तर त्यास इतका वेळ निश्चल ठेवणें म्हणजे परिचारकांच्या धैर्याची कसोटीच! शिवाय असा प्रयोग एका रोग्यावर नव्हे, तर रुग्णालयांतील प्रत्येक रोग्यावर, दिवसांतून निदान दोनदां, आणि दुखणें कठीण असल्यास अधिक वेळां करावयाचा होता. वुंडरलिख यांनीं आपले सहायक व परिचारक यांस ही शिस्त लावून दिली. टिपलेले आंकडे नुसते वहींत न ठेवतां रेघा आंखलेल्या कागदावर बिंदूंनीं मांडावयाचे, आणि ते बिंदु रेषेनें जोडावयाचे, अशी पद्धति त्यांनीं रूढ केली. त्यामुळें रोग्याच्या ज्वराचा सारा इतिहास एका दृष्टिक्षेपांत दिसूं लागला. रुग्णालयांत खाटेशीं लटकणारा ज्वराचा तक्ता आपण सर्वांनीं पाहिला आहे. तो घरोघर व देशोदेशीं पोंचविण्याचें श्रेय मुख्यतः या लाइप्झिगच्या रुग्णालयास आहे.

हें काम एक दोन नव्हे, तर १५ हून अधिक वर्षें चाललें. सुमारें २५,००० रोग्यांच्या शरीराची उष्णता मोजली गेली, आणि एकंदर नोंदींची संख्या दहा लाखांच्या वर गेली. एखाद्या दिवसाच्या उत्साहानें अशी कामें होत नाहींत. ज्यांत कीर्ति नाहीं, चमत्कार नाहीं, आणि ज्याचें फळ कित्येक वर्षें दृष्टीस पडत नाहीं, असें काम नेमानें करीत राहण्यास जी चिकाटी लागते, ती या पुरुषाच्या अंगीं पूर्णपणें होती. इ. स. १८६८ मध्यें त्यांनीं आपले निष्कर्ष रोगांतील शरीरोष्णतेवरील आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत प्रसिद्ध केले.

या ग्रंथांत काय होतें? प्रथम म्हणजे निरोगी मनुष्याची उष्णता. ती सरासरीनें ३७ सेल्सिअस, अर्थात् ९८.६ फॅरनहाइट असते असें त्यांनीं ठरविलें. परंतु ती दगडावरची रेघ नव्हे, हेंही त्यांनीं स्पष्ट केलें. पहांटेच्या सुमारास उष्णता सर्वांत कमी असते, आणि दुपार उलटल्यापासून रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत ती सर्वांत अधिक असते. स्त्रियांची पुरुषांपेक्षां किंचित् अधिक, आणि वृद्धांची तरुणांपेक्षां कमी असते. म्हणून संध्याकाळचे ९९ पाहून घाबरणें जितकें अयोग्य, तितकेंच वृद्धाचा ताप फार चढला नाहीं म्हणून निश्चिंत राहणेंही अयोग्य. ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर उष्णता गेली कीं ती निरोगी स्थितीची मर्यादा ओलांडून ज्वरांत शिरली, असें त्यांनीं मानलें.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची होती. निरनिराळ्या रोगांत ज्वराची चाल निरनिराळी असते. आंत्रज्वर, ज्यास आपल्याकडे मुदतीचा ताप किंवा विषमज्वर म्हणतात, तो जिना चढल्याप्रमाणें चढतो. रोज संध्याकाळीं कांहीं अधिक, सकाळीं थोडा कमी, पण आदल्या सकाळपेक्षां वरच, असें करीत चार पांच दिवसांत तो शिखर गांठतो. तेथें बरेच दिवस रेंगाळतो आणि मग हळूहळू पायऱ्या उतरतो. फुप्फुसदाहांत एकाएकीं हुडहुडी भरते, कांहीं तासांतच पारा १०३ किंवा १०४ वर जातो, आणि औषधावांचून बरा होणारा रोगी असला तर बहुधा आठवड्याच्या सुमारास घाम येऊन तो झपाट्यानें खालीं येतो. हिवतापांत थंडी, दाह व घाम असा क्रम असून मध्यंतरीं रोगी अगदीं मोकळा असतो. आपल्या प्राचीन वैद्यांनींही रोज येणारा, एक दिवसाआड येणारा व चौथ्या दिवशीं येणारा असे ज्वराचे भेद ओळखून त्यांस नांवें दिलीं होतीं. त्यांची निरीक्षणशक्ति खरोखर प्रशंसनीय आहे. वुंडरलिख यांनीं त्याच निरीक्षणास मापाची जोड दिली.

यावरून जो सिद्धांत निघाला, तो वैद्यकास कलाटणी देणारा ठरला. इतक्या भिन्न रोगांत ज्वर जर भिन्न भिन्न वाटांनीं चालतो, तर ज्वर हा स्वतः एक रोग असूं शकत नाहीं. तो शरीरांत चाललेल्या दुसऱ्या कोणत्या तरी बिघाडाची वर्दी देणारा दूत आहे. दूतास हांकून लावलें म्हणजे शत्रु परत गेला असें होत नाहीं. जुने वैद्य ज्वर हाच रोग समजून रक्त काढणें, रेच देणें असे उपाय करीत, आणि मुळांतच क्षीण झालेला रोगी त्यानें अधिक क्षीण होई. ज्वराचें कारण शोधलें पाहिजे, ही दृष्टि आतां वैद्यांत दृढ होत गेली.

तथापि वुंडरलिख आंकड्यांचे आंधळे भक्त नव्हते. नाडी, श्वास, जीभ, रोग्याची शुद्धि व त्याची एकंदर शक्ति यांच्या जोडीनेंच उष्णतेचा अर्थ लावला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. विशेषतः पारा एकाएकीं खालीं आला, पण रोगी मात्र निस्तेज झाला, हातपाय गार पडले व नाडी बारीक झाली, तर ती सुधारणा नसून मोठ्या संकटाची खूण होय, हें त्यांनीं बजावून सांगितलें.

त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद इ. स. १८७१ मध्यें झाला आणि त्यांची पद्धति युरोप व अमेरिकेंत पसरली. याच सुमारास, म्हणजे १८६६-६७ मध्यें, इंग्लंडांत डॉक्टर ऑलबट यांनीं सुमारें सहा इंच लांबीचा व पांच मिनिटांत उष्णता दाखविणारा आटोपशीर थर्मामीटर तयार करविला. यंत्र खिशांत मावूं लागलें, आणि २० मिनिटांची अडचण उरली नाहीं. अमेरिकेंत डॉक्टर सेगें यांनीं तर मातांनींही थर्मामीटर वापरण्यास शिकावें, असा पुरस्कार केला. अशा रीतीनें रुग्णालयांतील विद्या घराच्या उंबरठ्याच्या आंत आली.

वुंडरलिख यांचा देहांत इ. स. १८७७ च्या सप्टेंबर महिन्याच्या २५ व्या तारखेस लाइप्झिग येथें झाला. त्या वेळीं त्यांचें वय ६२ वर्षांचें होतें. ज्या रोगांच्या चाली त्यांनीं इतक्या बारकाईनें रेखाटल्या, त्यांचीं मूळ कारणें त्यांस पाहावयास मिळालीं नाहींत. आंत्रज्वराचे जंतु एबर्ट यांनीं, आणि हिवतापाचे परोपजीवी लाव्हरां यांनीं, असे दोन्ही शोध १८८० मध्यें लागले. डासाच्या शरीरांत हिवतापाच्या जंतूंची वाढ डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनीं आपल्याच देशांत, सिकंदराबाद येथें, १८९७ मध्यें पाहिली. त्यांच्या कांहीं आंकड्यांतही पुढें दुरुस्ती झाली. इ. स. १९९२ मध्यें अमेरिकेंत १४८ निरोगी स्त्रीपुरुषांची उष्णता नव्या थर्मामीटरनें मोजली असतां सरासरी ९८.२ भरली. परंतु खऱ्या संशोधकाची थोरवी अशा दुरुस्तीनें उणी होत नाहीं. पुढच्यांस दुरुस्ती करतां आली, ती त्यांनीं मोजण्याची वाट घालून दिली म्हणूनच.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावयाचें? आपल्यापैकीं पुष्कळजण वसतिगृहांत राहतात. कोणास ताप आला म्हणजे दोन प्रकारच्या चुका दृष्टीस पडतात. कांहीं जण १०० आंकडा दिसतांच भेदरून जातात, आणि मागच्या दुखण्यांतील उरलेल्या गोळ्या शोधूं लागतात. दुसरे, परीक्षा किंवा सामना बुडेल या भीतीनें ताप लपवितात. दोन्हींत हानि आहे. ताप आल्यास सकाळीं, संध्याकाळीं व मध्यंतरींही उष्णता मोजून वेळेसह लिहून ठेवावी. विसांवा घ्यावा, पाणी, पेज, सरबत असे पातळ पदार्थ वारंवार घ्यावे, आणि अंगावर पांघरुणांचे ढीग घालूं नयेत. वैद्याच्या सल्ल्यावांचून जंतुनाशक औषधें घेऊं नयेत, आणि मुलांस ॲस्पिरिन कधींही देऊं नये. हलका ताप बहुधा दोन तीन दिवसांत आपोआप उतरतो.

परंतु पुढील प्रसंगीं घरगुती उपचारांत वेळ दवडूं नये. तीन महिन्यांच्या आंतील बालकाचें अंग १००.४ किंवा त्याहून अधिक तापलें, तर तें हंसतें खेळतें असलें तरी त्यास तत्काल डॉक्टरकडे न्यावें. मोठ्या माणसाचा ताप १०३ च्या वर राहिला, अथवा कोणताही ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांस दाखवावें. हुडहुडी भरून ताप येत असेल तर रक्त तपासून घ्यावें. मान ताठ होणें, डोकें असह्य दुखणें, बोलण्यांत असंबद्धता येणें, झटके येणें, श्वास लागणें, अंगावर लाल जांभळे डाग उठणें, सारखी ओकारी होणें, पाणीही न ठरणें, किंवा लघवी फारच कमी होणें, यांपैकीं एक जरी लक्षण दिसलें, तरी पारा कितीही असो, त्याच घटकेस मदत मागावी. वृद्ध मनुष्य थोड्या तापानेंही ग्लानींत जाऊं लागला तर तेंच करावें. आणि डेंग्यूचा विसर पडूं देऊं नये. त्यांत खरा धोका बहुधा ताप उतरूं लागल्यावर येतो. ताप गेला, पण पोटांत कळा येतात, ओकाऱ्या थांबत नाहींत, हिरड्यांतून अथवा नाकांतून रक्त येतें, हातपाय गार पडतात, अशा वेळीं रोगी बरा झाला असें समजून स्वस्थ बसणारास पुढें पश्चात्ताप करण्याची पाळी येते. पाऱ्यासह रोग्याकडेही पाहा, ही वुंडरलिख यांची शिकवण येथें अक्षरशः लागू पडते.

पाऱ्याची कांचनळी आतां मागें पडत चालली असून तिच्या जागीं विजेच्या घटावर चालणारा थर्मामीटर आला आहे. तो मिनिटा दोन मिनिटांत आंकडा दाखवितो. ज्या कामास लाइप्झिगच्या परिचारकांस २० मिनिटें खाटेशीं उभें राहावें लागे, तें आज लहान बहीणही करूं शकते. मात्र आंकडा दिसणें निराळें आणि त्याचा अर्थ कळणें निराळें. पहिली गोष्ट यंत्र करतें. दुसरीसाठीं लक्षपूर्वक पाहणारा, टिपून ठेवणारा, आणि आपली समजूत कोठें संपते हें ओळखून योग्य वेळीं जाणत्यास हांक मारणारा मनुष्य लागतो. असा मनुष्य प्रत्येक घरांत एक तरी असावा, एवढ्यासाठीं या थोर वैद्याचें स्मरण.